नानांचा स्पार्क

नाना, काल आपल्या जिनिंगच्या नव्या हंगामाचा मुहूर्त झाला. काटा पुजला, नारळ फुटला, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टॉवेल-टोपी दिली, आणि चहा दरवर्षीसारखाच पाणचट होता. सगळं जागच्या जागी होतं. फक्त कापसाच्या ढिगाभोवती चुंबकाची काठी घेऊन फिरणारे तुम्ही नव्हता.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तुमच्या तेराव्या दिवसाच्या गंधमुक्तीला सहा जणांनी भाषणं केली. मनमिळाऊ, कष्टाळू, निष्ठावान असे सगळे ठेवणीतले शब्द वापरून झाले. तुमचा स्वतःचा शब्द मात्र एकालाही आठवला नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी माइकपर्यंत गेले, "नाना गेले" एवढं म्हटलं आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, वहिनींना रडू आवरेना. रडू आलं होतं हे खरं, पण मी परत फिरले ती भीतीने. कसली भीती, ते तुम्हाला माहीत होतं. तुम्हालाच फक्त माहीत होतं, हे मला काल कळलं.

तुमचा शब्द म्हणजे स्पार्क. मी पहिल्यांदा तो तुमच्या तोंडून ऐकला तेव्हा लग्न होऊन मला पंधराच दिवस झाले होते. अमळनेरच्या रस्त्यावरचा हा सरकी काढायचा कारखाना, हे जिनिंग, सासरे मला दाखवायला घेऊन आले होते. माझं माहेर शिंदखेड्याजवळचं, घरी कापूसच कापूस, पण तो घरातल्या एका खोलीत मावणारा. इथलं पटांगण बघून मी तोंडाला येईल ते बोलून गेले, "बाप रे, एवढा कापूस. आग लागली तर?" सरकी भरणाऱ्या बायांचे हात थांबले. आबा, म्हणजे माझे सासरे, खोकून दुसरीकडे बघायला लागले. तुम्ही ग्रीसचे हात पुसत पुढे आलात. खाकी सदरा, कानावर टेस्टर खोचलेला. "वहिनी, हाई भितना आत तो शब्द बोलतस नही. फाटकजोडे देवी शे, ती ऐकस आनि तथास्तु म्हनस."

मी धुळ्याहून बीएस्सी करून आलेली. फिजिक्स घेऊन. मी विचारलं, "मग लागलीच तर काय ओरडायचं?"

"पानी वरडानं. आनि बाकी येळे स्पार्क म्हनानं."

"तो देवीला चालतो?"

"तिले कुठे इंग्रजी येस?"

हे तुम्ही इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलंत, की ही थट्टा आहे की श्रद्धा, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पण त्या भिंतींच्या आत आग, जाळ, ठिणगी, पेटणं हे सगळे शब्द हद्दपार होते, आणि त्या सगळ्यांचं काम त्या एकट्या स्पार्कला करावं लागायचं. एकदा कामाला लागल्यावर तो बाकीचीही कामं करायला लागला. ह्यांची मोटरसायकल सुरू झाली नाही की प्लगला स्पार्क नसायचा, हे ठीकच. पण तुमच्या घरी अक्कांच्या ठेच्यातही एखाद्या दिवशी स्पार्क नसायचा. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस भाषण करून गेला की तुम्ही म्हणायचा, "आवाज शे, स्पार्क नही." माझं आणि ह्यांचं ऑफिसात वाजलं, की बाहेर तुमचा आवाज यायचा, "चहा जरा उशिरा आना रे, मधमा स्पार्किंग चालू शे." आतमध्ये आम्ही दोघंही हसायचो आणि भांडण तिथेच मरायचं. तुम्ही ते मुद्दाम मोठ्याने म्हणायचा हे कळायला मला दोन सीझन लागले.

आणि तुमची मुलगी. ती सहावीत असताना तिने घरातला रेडिओ उघडून परत जोडला. जोडल्यावर तो वाजला, पण तीन स्क्रू उरले. ते तीन स्क्रू तुम्ही खिशात घालून आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरलात. "पोरमा स्पार्क शे," म्हणायचा. आज ती जळगावला पॉलिटेक्निकात शिकवते. तिच्या वर्गात काय उरतं कुणास ठाऊक.

मी तुमच्याशी या शब्दावरून भांडले तेवढी कुणाशीच भांडले नसेन. माझं म्हणणं, मोटरच्या कार्बन ब्रशपाशी उडतो तो स्पार्क विजेचा, हवेतून उडी मारतो. लोखंडावर लोखंड आपटून उडतो तो निराळा, तो तापून लाल झालेला धातूचा कण असतो. दोन्ही गोष्टी शास्त्रात वेगळ्या आहेत. मी एकदा पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून दाखवली. तुम्ही ती मन लावून पाहिलीत, दोन शंका विचारल्यात, त्यातली एक अशी की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागलं. आणि शेवटी कागद माझ्याकडे देत म्हणालात, "दोन्हीघन कापूस पेटस ना? मंग नाव एकच बरं." 'पेटस' हा शब्द तुमच्या तोंडून निसटला होता. तुम्ही चटकन फाटकाकडे बघून हात जोडलेत. मी जिंकल्यासारखी हसले. वाद काही मिटला नाही, आता मिटणारही नाही. तुम्ही चूकच होतात. पण तुमच्यासारखं चुकता येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सुरुवातीला मी पाहिले तेव्हा तुमचे हात फार सुंदर होते. जळालेल्या मोटरची तार तुम्ही उकलायचा आणि नवी भरायचा. केसाएवढी तांब्याची तार, बोटांच्या टोकांवरून वेढ्यामागून वेढा, एकावर एक न चढता. भरून झाली की तुम्ही मोटर चालू करून कार्बनपाशी वाकून बघायचा. मलाही बोलवायचा. "निळा आनि बारीक ऱ्हायना म्हंजे तब्बेत चांगली. पिवळा उना, का दुखनं." कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला कुणी असं काही दाखवलं नव्हतं. तो निळा ठिपका बघायला मी हातातलं काम टाकून यायचे.

ते हात कशाने गेले, ते आता लिहायला हवं.

आमच्या माहेरी पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला की आई त्यात नालेचा खिळा खोचायची. बैलांच्या खुरांना मारतात तो, चपट्या डोक्याचा. पांढरं धन, त्याला नजर लवकर लागते, आणि लोखंडाने नजर अडते. गाडी भरताना खिळा काढून ठेवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. लग्नात आईने तो माझ्या पेटीत घातला होता. पहिल्या मुहूर्ताला ठेव म्हणाली, तुझ्या घरचं धन मोठं आहे.

फिजिक्सवाल्या बाईने तेव्हा काय करावं? तिने पूजा केली, ढिगाला हळदकुंकू वाहिलं, आणि सगळ्यांचं लक्ष नारळाकडे असताना तो खिळा कोपरापर्यंत हात घालून कापसात खोचला. मला वाटलं, ढीग दोन दिवस तरी जाग्यावर राहील, मग गुपचूप काढून घेईन. तुमच्या चुंबकाची काठी घेऊन आधीच तीन फेऱ्या मारून झाल्या होत्या. जुन्या भोंग्यातलं चुंबक बांबूला बांधलेली ती काठी. तिला दोन लोखंडी तुकडे आणि एक विळ्याचं टोक लागलं होतं, तुम्ही ते सगळ्यांना दाखवून डब्यात टाकलं होतं. तुमच्या हिशेबी ढीग स्वच्छ होता. माझा खिळा नंतर गेला.

त्या वर्षी कापूस ओढून घेणारा पंखा नवीन बसवला होता. आधी बाया टोपल्यांनी कापूस आत न्यायच्या, आता पाइप लावला की ढीग सरसर आत. मला हे माहीत होतं. पंखा म्हणजे लोखंड आणि खिळा म्हणजे लोखंड, हेही मला माहीत होतं, मी परीक्षेत लिहिलं होतं. पण ते डोक्यातल्या एका खोलीत होतं आणि आईचा खिळा दुसऱ्या खोलीत. मधलं दार त्या दिवशी बंद होतं.

आबांनी जेवणानंतर लगेच पाइप लावायला सांगितला. चारच्या सुमाराला आतून धूर आला. कापूस पेट घेत नाही लगेच, तो आतल्या आत धुमसत बसतो. "पानी, पानी," असं कुणीतरी ओरडलं. तुम्ही आत शिरलात आणि धुमसणारा कापूस हातांनी उपसून बाहेर फेकायला लागलात, कारण फावड्याने उपसला तर हवा लागते. कापसाची एक बाजू गेली, शेड वाचली, माणसं सगळी वाचली. तुमचे दोन्ही तळवे गेले.

संध्याकाळी पटांगणात सगळे उभे होते. पाण्याने भिजलेला काळा कापूस, आणि बाया कुजबुजत होत्या. मला ऐकू येत होतं. नवी सून आली आणि पहिल्याच मुहूर्ताला हे झालं. एकीने तर म्हटलंच, पांढऱ्या पायाची आहे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. आणि तेव्हा तुम्ही, हातांना ओले फडके गुंडाळलेले, आबांसमोर जाऊन म्हणालात, "मनीच चूक शे, आबा. पंखा बसाडताना मनाच नट आत ऱ्हायना."

तीस वर्षांत तुमच्या हातून एक वॉशर राहिला नव्हता. आबांनी तुमच्याकडून मशिनींच्या हॉलच्या किल्ल्या मागून घेतल्या. सगळ्यांसमोर. तुम्ही कमरेच्या किल्ल्या सोडायला गेलात तर बोटं वळेनात, म्हणून तुमच्या हाताखालच्या सुपडूने त्या सोडून दिल्या. कुजबुज थांबली, कारण लोकांना दोषी सापडला होता.

चौथ्या दिवशी तुम्ही घरी आलात. मी चहा आणला. तुम्ही बँडेज बांधलेल्या हाताने खिशातून एक काळा खिळा काढून माझ्यासमोर धरलात. "वहिनी, तुम्हना माहेरले बैलेस्ना नालले असाच खिळा ऱ्हास का?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, नाना. मी शेतात फारशी गेलेच नाही."

मी दहा वर्षांची असल्यापासून कापूस वेचला होता. माझ्या बोटांवर अजून बोंडांच्या काट्यांच्या खुणा होत्या, आणि तोच हात कपबशी पुढे करत होता. तुम्ही त्या हाताकडे बघितलंत की नाही, मला माहीत नाही. तुम्ही खिळा परत खिशात घातलात. "मंग बरोबर," म्हणालात, "मनाच व्हई." आणि चहा संपवून गेलात. कपाला कान असूनही तुम्ही तो दोन्ही मनगटांत धरला होता.

किल्ल्या पुढच्या सीझनला परत मिळाल्या. बोटं परत मिळाली नाहीत. ती अर्धी वळलेलीच राहिली, पाना धरता यायचा पण केसाएवढी तार धरता यायची नाही. मोटरी भरायला धुळ्याला जायला लागल्या. तुम्ही परत आलेली मोटर चालू करून वाकून बघायचा आणि बटण बंद करायचा.

त्या पुढच्या मुहूर्तापासून तुम्ही मला लिंबू द्यायला लागलात. पूजेच्या आधी माझ्याजवळ यायचं, खिशातून एक पिवळं लिंबू काढायचं आणि म्हणायचं, "हाई ठेवा वहिनी. हाई स्पार्क करत नही." दरवर्षी. मी ते ढिगावर ठेवायचे, पूजा झाली की तुम्ही उचलून घ्यायचा. पहिल्याच वर्षी मी समजले. तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही मला सांगताय की कळलंय, आणि त्याउपर काही म्हणणं नाही. मी वीस वर्षं लिंबू घेत राहिले.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. तुमची मुलगी पॉलिटेक्निकात नोकरीला लागली त्या दिवशी पेढे घेऊन आले होते, ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, पोर लहान असताना शाळेत एकाशी मारामारी करून आली होती. तो म्हणाला होता, तुझ्या बापाने जिनिंग जाळलं. तुम्ही हसत सांगत होतात. मी पेढ्यांचा पुडा अक्कांच्या हातात दिला आणि निघून आले. लाज इतकी मोठी झाली की तिच्या मागे लपता यायला लागलं.

मागच्या महिन्यात धुळ्याच्या दवाखान्यात भेटले ती शेवटची भेट. डॉक्टर सांगून गेले होते की हृदयाला ठोके द्यायला आतून जी वीज लागते तीच कमी पडतेय. तुम्ही माझ्याकडे विजयाने बघितलंत. "ऐकं का? छातीमा बी स्पार्कच ऱ्हास. आते काढा आकृती." मी हसले, मग रडले, मग म्हटलं, "नाना, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो खिळा..." तुम्ही तो वाकडा हात वर केलात. "सीझन जवळ उना वहिनी. मी सुपडूले बठ्ठं सांगी ठेयेल शे." मला वाटलं, सगळं म्हणजे मशिनीचं म्हणताय.

काल पूजेचं ताट घेऊन मी ढिगाजवळ उभी होते. पंच्याऐंशीचे आबा खुर्चीत बसलेले, बाया, हमाल, शेतकरी, सगळे. सुपडू आता हेड फिटर आहे, त्याचेही केस पिकलेत. तो चुंबकाची काठी भिंतीला टेकवून माझ्याकडे आला आणि रुमालातून लिंबू काढलं.

"नाना सांगी गयात, पूजाना पहिले वहिनीले लिंबू देवानं. चुकानं नही."

"का ते सांगितलं?"

"मी ईचारं. म्हनेत, मनी नि वहिनीनी जुनी रीत शे."

नाना, बठ्ठं सांगितलं म्हणालात. मरताना मशिनी सोपवल्यात, काठी सोपवलीत, लिंबूही सोपवलंत, आणि तेवढी एक गोष्ट बरोबर घेऊन गेलात. मी ते लिंबू हातात धरलं आणि मला कळलं की आता हे कुणीच सांगणार नाही, मी मेले की संपलं, आणि तुम्ही कायमचे नट विसरलेले फिटर राहाल.

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "थांबा सगळे. त्या वर्षी आग माझ्यामुळे लागली." तो शब्द मी भिंतीच्या आत उच्चारला, देवीची क्षमा मागते, पण तिथे स्पार्क म्हणणं म्हणजे पुन्हा लपणंच झालं असतं. खिळ्यापासून तुमच्या प्रश्नापर्यंत सगळं सांगितलं. माझं खोटंही सांगितलं. सगळं संपल्यावर आबांनी फक्त एवढंच म्हटलं, "किल्ल्या मी काढून घेतल्या होत्या त्याच्या." ते दोनदा म्हणाले. मग आपली टेकायची काठी मागितली आणि म्हणाले, मला त्याच्या दारी घेऊन चल.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या, सांत्वनाला दारावर आलेल्या तीन बाया भोवती. आबा ओट्याच्या पायरीवरच बसले, टोपी काढून. मी अक्कांसमोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. मला वाटत होतं, अक्कांना माहीत असणार. नवरा बायकोला सांगतोच. त्यांना माहीत नव्हतं, नाना. वीस वर्षं त्या तुम्हाला हाताने भरवत होत्या, थंडीत बोटं आखडायची तेव्हा, आणि प्रत्येक घासाला म्हणायच्या, एक नट ध्यानात राहिला नाही तुमच्या. तुम्ही ते ऐकून घेत जेवत होतात.

मी शिव्यांची वाट बघत होते, खरं सांगते, त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यास्ना हातनी चूक नव्हती."

"नव्हती, अक्का."

"एक बी नट ऱ्हायेल नव्हता."

"नव्हता."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. शेजारची बाई नुकतीच येऊन टेकली होती, तिचा हात धरून त्यांनी तिला पुढे ओढलं आणि मला म्हणाल्या, "आखो एक डाव सांग. हाई उनी नव्हती." मी सांगितलं. मग दुधवाला आला, त्याला थांबवलं. मग गल्लीतल्या दोघी आल्या. प्रत्येकीला अक्का आधी बसवायच्या, मग माझ्याकडे बोट करायच्या. दिवेलागणीपर्यंत मी सहा वेळा सांगितलं. दरवेळी शेवटी त्याच ठरलेल्या प्रश्नाला, एक बी नट ऱ्हायेल नव्हता ना, मी नव्हता म्हणायचं आणि अक्कांनी मान ताठ करून समोरच्याकडे बघायचं. सहाव्या वेळेला त्या थोड्याशा हसल्या.

आज दुपारच्या गाडीने तुमची मुलगी जळगावहून येतेय. अक्कांनी फोनवर तिला काहीच सांगितलं नाही. मला बजावलंय, तूच सांग, तिच्या तोंडावर सांग. ती घरी येईपर्यंत वाट बघत बसणं मला जमणार नाही, नाना. मी स्टेशनवरच जाते.